घालत राहा

सगळे हसले तेव्हा तोही हसला. इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच हसला, कारण हसं त्याचंच चाललं होतं, आणि अशा वेळी आपण आधी हसून टाकलं की लोकांना फार वेळ हसता येत नाही, एवढं शहाणपण तीस वर्षांच्या नोकरीनं त्याला दिलं होतं. समोरच्या पडद्यावर एक चिठ्ठी होती. औषधशास्त्र विभागातली एक किडकिडीत विद्यार्थिनी हातातल्या काठीनं चिठ्ठीचा कोपरा दाखवत होती. तिनं कान-नाक-घसा विभागाच्या, दोनेक वर्षांपूर्वीच्या तीन महिन्यांतल्या निवडक सहाशे चिठ्ठ्यांच्या प्रती औषधखिडकीतून गोळा केल्या होत्या, आणि कोणता डॉक्टर कोणतं औषध किती वेळा, किती दिवसांसाठी लिहितो याचा हिशेब मांडला होता. रुग्णांची नावं काळ्या पट्टीनं झाकली होती आणि डॉक्टरांना क्रमांक दिले होते. क्रमांक तीन म्हणजे तो, हे खोलीतल्या पंख्यालाही कळत होतं. क्रमांक तीनच्या कानाच्या शंभर चिठ्ठ्यांपैकी एक्क्याण्णव चिठ्ठ्यांवर तीच चार औषधं होती. अठ्ठ्याऐंशी चिठ्ठ्यांवर किती दिवस घ्यायचं ते लिहिलेलं नव्हतं. विभागप्रमुख म्हणाले होते, "पण क्रमांक तीनचं अक्षर तरी वाचता येतं. शिक्का आहे ना!" आणि पहिला हशा तिथं पिकला होता. दुसरा आता, या चिठ्ठीवर.

"ही दोनशे बारा नंबरची चिठ्ठी," मुलगी म्हणाली. "इथं कालावधी लिहिलाय, पण कोणत्या रकान्यात टाकायचा ते आम्हाला कळलं नाही. कालावधीच्या जागी हातानं लिहिलंय, 'घालत राहा'."

हसता हसता त्याची नजर काळ्या पट्टीच्या शेजारी गेली. स्त्री, वय एकोणसाठ. डावा कान. तारीख पावणेदोन वर्षांपूर्वीची. त्या दोन शब्दांचं अक्षर त्याचंच होतं, घाईतलं, शेवटच्या कान्याला गरज नसताना लांब शेपूट काढलेलं. असं शेपूट तो रुग्णांसाठी काढत नसे. रुग्णांसाठी तो काहीच लिहीत नसे, नुसती सही करत असे. हे शेपूट तो मजेत होता म्हणून निघालं होतं. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मुलगी पुढच्या पानावर गेली, अँटिबायोटिकचं प्रमाण, एका चिठ्ठीवर सरासरी औषधं किती, कान तपासल्याची नोंद किती चिठ्ठ्यांवर आहे. ती आकडे वाचत होती आणि त्याला प्रत्येक आकड्याआड एकच बाई स्टुलावर बसलेली दिसत होती.

ताई, त्याची थोरली बहीण, त्या दिवशी रांगेतून आली होती. एकशे चाळीस रुग्णांची सकाळ होती. दारावरचा शिपाई, ज्याला सगळा विभाग मामा म्हणत असे, एकामागून एक माणूस आत सोडत होता. स्टुलावर कुणी बसलं, "काय होतंय" विचारलं, "कान वाहतो" असं उत्तर आलं, आणि त्यानं मान वर न करता कानाच्या गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी ओढून सही केली. मग हसण्याचा आवाज आला. "ठोंब्या, बघ तरी माझ्याकडं!" रुग्णालयात साहेब, सर, डॉक्टरसाहेब म्हणवून घेणाऱ्या या माणसाला ठोंब्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. "अगं, रांगेत कशाला उभी राहिलीस? फोन करायचा ना!" तर ती म्हणाली, "तुझ्या कामात कशाला खोडा? दीड तास मस्त गेला. सगळे तुझं नाव काढत होते." तिच्यामागं माणसं दारात लोटालोटी करत होती. तिनं चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, "किती दिवस घालायचं रे हे?" त्यानं चिठ्ठी परत ओढली, ऐटीत दोन शब्द लिहिले आणि म्हणाला, "घालत राहा." ती खूश झाली. आपल्यासाठी त्यानं काहीतरी वेगळं, हातानं लिहिलं, याचाच तिला आनंद झाला असणार. कानात त्यानं पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच काय, तो कान तर त्याच्या ओळखीचा होता.

सभा संपली तेव्हा कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो जिना उतरून आपल्या ओपीडीत आला. दुपारची रिकामी खोली, कोपऱ्यात स्टूल, टेबलावर शाईची गादी आणि तीन शिक्के. कान, नाक, घसा. शिक्क्यांची कल्पना मामाची. बारा वर्षांपूर्वी त्याचं मनगट दुखायला लागलं होतं, तेव्हा मामा एकदा साध्या मनानं म्हणाला, "साहेब, रोज तेच तर लिहिता. त्याचा शिक्काच करून घेऊ की." त्याला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं होतं. मग मामा रोज सकाळी ओपीडी उघडायच्या आधी पॅडच्या पॅड छापून तीन गठ्ठे लावून ठेवू लागला. कानाच्या शिक्क्यात चार ओळी, एक अँटिबायोटिक, एक सर्दीची गोळी, एक पित्ताची गोळी, आणि चौथ्या ओळीत थेंब. पहिल्या आठवड्यात तो शिक्क्याखाली काहीतरी खोडायचा, बदलायचा. मग ते अंगवळणी पडलं. माणूस काय, कशालाही सरावतो. लोक बरे होत होते, किंवा परत येत नव्हते, आणि या दोन गोष्टींत फरक काय ते विचारायला एकशे एक्केचाळिसावा रुग्ण वेळ देत नव्हता. त्यानं आता कानाचा शिक्का उलटा करून पाहिला. रबराच्या उलट्या अक्षरांत चौथी ओळ झिजून गुळगुळीत झाली होती. ते थेंब वाईट नव्हते. धड कानाला काही करत नाहीत. पण कानाच्या पडद्याला भोक असेल तर ते आत उतरतात, आणि महिनोन्महिने उतरत राहिले तर ऐकण्याची नस हळूहळू मारून टाकतात. हे तो दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत असे. फळ्यावर कान काढायचा, पडदा काढायचा, पडद्यात खडूनं भोक पाडायचा आणि म्हणायचा, "आधी बघा, मग थेंब." पोरं वहीत उतरवून घ्यायची.

आणि ताईच्या पडद्याला भोक आहे हे त्याला कधीपासून माहीत होतं? डॉक्टर व्हायच्या आधीपासून. अक्षरओळख झाली त्याच्याही आधीपासून. दोघं एका गादीवर झोपायची आणि सकाळी तिच्या उशीवर पिवळा डाग असायचा. तो वास अजून त्याच्या नाकात होता, ओल्या कापसाचा, गोडसर. ती शाळेत कानात बोळा घालून जायची आणि पोरं तिला बोळेवाली म्हणायची. एकदा त्यानं त्यातल्या एकाला दगड मारला होता आणि घरी येऊन मार खाल्ला होता. तेव्हा ती म्हणाली होती, "ठोंब्या, दगड मारून कान बरा होतो का? शीक, डॉक्टर हो." घरात तेव्हापासून एक गोष्टच तयार झाली, की हा बहिणीच्या कानासाठी शिकतोय. आई ती गोष्ट येईल त्याला सांगायची. खरं तर त्याला हृदयाचं शास्त्र शिकायचं होतं. मार्क कमी पडले आणि कान-नाक-घसा पदरात पडला. पण घरी हे कुणाला सांगितलं नाही. घरी सगळे इतके आनंदले होते, की खरं सांगणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवणं झालं असतं. डॉक्टर झाल्यावर त्यानं तिचे दोन्ही कान एकदा नीट पाहिले होते. डाव्यात मोठं भोक, उजव्यात मोहरीएवढं. उजवा बरीच वर्षं कोरडा होता. "ऑपरेशन करू कधीतरी," तो म्हणाला होता. ते कधीतरी सव्वीस वर्षं लांबलं.

संध्याकाळ व्हायच्या आत तो तिच्या घरी पोचला. बॅग नेहमीप्रमाणे मामानं भरून दिली होती. स्टेथोस्कोप, कानात पाहायची छोटी बॅटरी, आणि छापलेल्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा. त्याच्या इमारतीतली माणसं औषध विचारायला घरी येतात, नाही म्हणता येत नाही, म्हणून मामा रोज तो गठ्ठा न विसरता घालायचा. जिना चढताना त्यानं मनातल्या मनात वाक्य जुळवलं. ताई, माझी चूक झाली. नको, फार नाटकी वाटतं. ताई, ते थेंब तुझ्या कानाला चालत नाहीत. हेही अर्धंच. चालत नाहीत म्हणजे कुणी लिहिले, हवेनं? तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यानं सहा-सात वाक्यं जुळवली आणि मोडली. बेल वाजवली. कुणी आलं नाही. परत वाजवली. तिसऱ्यांदा बोट दाबूनच धरलं तेव्हा दार उघडलं.

"किती वेळ झाला येऊन? मला ऐकूच येत नाही बघ," ताई हसत म्हणाली. "शेजारीण म्हणते, तुझ्या घरात चोर शिरला तर त्यालाच हाका मारून तुला उठवायला लागेल."

ती रेल्वेच्या तिकीटखिडकीवर बत्तीस वर्षं बसलेली बाई. काचेच्या भोकाला उजवा कान लावून तिनं हजारो गावांची नावं अचूक ऐकली होती आणि एकाही प्रवाशाला भलत्या गावाचं तिकीट दिलं नव्हतं, याचा तिला फार अभिमान. बसतानाही ती तशीच बसायची, मान किंचित वळवून, उजवा कान पुढं. खोलीत दोन खुर्च्या आणि तिची पलंगावरची जागा. एक खुर्ची तिच्या डावीकडं पडायची, एक उजवीकडं. उजवीकडच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते. तो डावीकडच्या खुर्चीत बसला. आपण कपडे उचलू शकलो असतो, हे त्याला बसल्यावर सुचलं.

"डावा तर गेलाच म्हण," ती चहा ठेवून येत म्हणाली. "तू म्हणालास ना मागं, वय झालं म्हणून. असेल. सगळ्यांचंच होतं."

खरंच, तो म्हणाला होता. आठ महिन्यांपूर्वी फोनवर. "वय झालं ताई, ये एकदा, मशीनवर बघू." ती आली नाही आणि त्यानं बोलावलं नाही.

"थेंब घालतेस अजून?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

"म्हणजे काय? एक दिवस चुकवला नाही." तिनं उशाशी ठेवलेली पर्स उघडली आणि त्यातून एक चकचकीत कागद काढला. त्याची चिठ्ठी. तिनं ती प्लास्टिकमध्ये घालून आणली होती, ओळखपत्र घालतात तशी. "घड्या घालून घालून फाटायला आली होती. औषधवाला म्हणाला, मावशी, लॅमिनेट करा. ही दाखवली की तो न विचारता बाटली काढून देतो. म्हणतो, भाऊ कानाचा डॉक्टर असणं म्हणजे नशीब लागतं."

प्लास्टिकखाली शिक्का स्वच्छ दिसत होता. चार ओळी. सही. आणि 'घालत राहा', शेपटासकट. कागद जुना झाला होता पण ते शेपूट अजून तितकंच खुशीत होतं. त्यानं चिठ्ठी परत दिली. हातात ठेवायला हवी होती, फाडायला हवी होती, पण तिनं हात पुढं केला आणि त्यानं दिली. बिनबोभाट वागायची इतक्या वर्षांची सवय.

"बघू दे कान," तो म्हणाला.

ती एवढी आनंदली की त्याला तिच्याकडं पाहवेना. "आज सवड मिळाली होय!" बॅगेतून त्यानं बॅटरी काढली. बटण दाबलं, तर उजेड पिवळा, मरतुकडा. सेल संपले होते. कधी संपले कोण जाणे, ती वापरली कधी होती? ताईनं टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून दिले. त्यानं डावा कान ओढून आत पाहिलं. मोठं भोक, कडा पांढऱ्या, आतला भाग कोरडा ठणठणीत. म्हणजे थेंबांनी आपलं काम केलं होतं. वाहायचं थांबलं होतं. औषध लागू पडलं होतं आणि कान मेला होता. त्यानं तिच्या डाव्या कानाजवळ तोंड नेऊन, आवाज न चढवता म्हटलं, "ताई, हा मी घालवला." ती तशीच शांत बसून राहिली, मान त्याच्या हातात देऊन, लहानपणी ती त्याच्या डोक्यातल्या लिखा काढायची तेव्हा तो बसायचा तशी. त्याला एक क्षण हलकं वाटलं. आणि लगेच स्वतःची किळस आली. सांगितलं असं म्हणता येईल आणि तिला मात्र ऐकू जाणार नाही, अशी सोय त्यानं करून घेतली होती. ही सोयही शिक्क्यासारखीच होती.

"झालं? आता हा बघ," तिनं मान वळवली. "याचंच तुला सांगायचं होतं. महिन्यापूर्वी हा जरा खाजायला लागला. म्हटलं, ठोंब्याला कशाला त्रास, औषध घरात आहेच. यातही घालायला लागले. रोज दोन वेळा."

त्यानं बॅटरी उजव्या कानात धरली. उजवा पडदा, खालच्या बाजूला ते मोहरीएवढं भोक, अजून तितकंच, आणि त्याच्या काठावर औषधाचा एक थेंब ओला चमकत होता. सकाळचा असेल. किंवा दुपारचा. तो पाहत राहिला. या भोकापलीकडं बत्तीस वर्षांची गावं होती, पंख्याचा आवाज, कुकरची शिट्टी, रविवारी येणारा नातवाचा फोन, ठोंब्या ही हाक मारल्यावर येणारं उत्तर. सगळं एवढ्याशा जागेत.

"शिट्टीसारखं वाजतं का आत?" त्यानं विचारलं.

"अरे, कसं ओळखलंस? दोन दिवस झाले. डाव्यातही आधी असंच वाजायचं. मग थांबलं एकदाचं." तिनं कौतुकानं त्याच्याकडं पाहिलं. "आई म्हणायची ते खोटं नाही. कानातलं कळतं तुला."

त्यानं उशाशी असलेली बाटली उचलून खिशात टाकली. ती म्हणाली, "घेऊन जा, तळालाच गेलीय. मी उद्या नवी आणणारच आहे." आणि ती चहा आणायला आत गेली. आता बोलायचं, तो स्वतःला म्हणाला. ती चहा घेऊन आली की कप खाली ठेवू द्यायचा आणि बोलायचं. ती आली, कप ठेवला, बसली, आणि त्याच्या तोंडून "साखर कमी घातलीस का" एवढंच निघालं. तिला ऐकू गेलं नाही. तिनं मान वळवून विचारलं, "काय?" तो म्हणाला, "काही नाही." बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. हे काही न्यायालय नव्हतं. ही त्याची बहीण होती, तिनं त्याला शिव्या दिल्या नसत्या. कदाचित हसलीही असती, म्हणाली असती, जाऊ दे रे, एक तर आहे. त्याला तीच भीती होती. तिनं माफ केलं की मग त्याच्याकडं काहीच उरणार नव्हतं, ना गोष्ट, ना भाऊ, फक्त क्रमांक तीन. म्हणून तो लिहिणार होता. लिहिणं जमेल, त्याला वाटलं. आयुष्यभर दुसरं केलंय काय?

"लिहून देतो," तो मोठ्यानं म्हणाला.

"हां, लिहूनच दे. तोंडी सांगितलेलं मी विसरते."

त्यानं बॅगेतून गठ्ठा काढला. वरची चिठ्ठी छापलेली होती. कान, चार ओळी. खालचीही. त्याच्या खालचीही. त्यानं गठ्ठा अंगठ्यानं भरभर चाळला, एकतरी कोरी सापडेल म्हणून, पण मामा कामाचा पक्का होता. त्याच्या हातून एकही सुटली नव्हती. शेवटी त्यानं एक चिठ्ठी उलटी केली. मागच्या बाजूला शाई फुटून आली होती, पण लिहिण्याएवढी जागा होती. तो लिहू लागला. ताई, मी तुझा कान न बघता थेंब दिले. तुझ्या पडद्याला भोक आहे हे मला माहीत होतं. डावा कान वयानं गेला नाही, त्या औषधानं गेला. उजव्यात एक थेंबही घालू नकोस. उद्या सकाळी ओपीडीत ये, रांगेत उभी राहू नकोस. हे मी आधी बघायला हवं होतं. लिहिताना अक्षर शिक्क्याच्या उलट्या ओळींत मिसळून जात होतं. खाली त्यानं सही केली, तीच, रोजची.

"केवढं लिहिलंस रे आज!" तिनं चिठ्ठी घेतली. एकदा लांब धरली, एकदा जवळ. चष्मा टीव्हीजवळ होता. ती उठली नाही. तिनं चिठ्ठी सुलटी केली, पुढच्या बाजूचा ओळखीचा शिक्का बघून समाधानानं मान हलवली आणि ती चार घड्या करून, त्या लॅमिनेट केलेल्या चिठ्ठीशेजारी, पर्समध्ये ठेवली.

"मला कुठं कळतं तुझं अक्षर," ती म्हणाली. "ते औषधवाल्यालाच कळतं. सकाळी जाऊन त्याला दाखवते, देईल तो काय ते."

सकाळी औषधवाला काय करेल ते त्याला स्पष्ट दिसत होतं. शिक्का बघेल, चौथ्या ओळीपाशी येईल, मागं वळून बाटली काढेल. चिठ्ठी उलटी करून कोण वाचतं?

"ताई," तो म्हणाला. "ती चिठ्ठी वाच. आत्ता वाच."

ती पर्सची चेन लावत होती. चेन नीट बसेना म्हणून तिनं ती परत उघडून लावली. मग चहाचा घोट घेतला आणि समोर भिंतीकडं बघत, भाऊ घरी आल्याच्या आनंदात, स्वतःशीच हसली. तो डावीकडच्या खुर्चीत बसून होता. उजवीकडं जायला दोन पावलं होती, आणि खुर्चीवरचे कपडे उचलायचे होते.